सगळं व्यवस्थित चाललंय, तरी रात्री झोप लागत नाही (मुक्काम अमृतसर)

पंजाबी_माणदेशी
४ मे २०२५, रात्री ११:१०

मी डोळ्यांचा डॉक्टर. गाव सांगली जिल्ह्यातलं, खानापूर तालुका. वडील तरुणपणी गलाईच्या धंद्यासाठी अमृतसरला आले आणि गुरू बाजाराजवळच्या एका गल्लीत सोनं-चांदी गाळायची भट्टी टाकली. माझा जन्म इथला, शिक्षण इथलं, दवाखानाही इथंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पंजाबी. इथं फार लिहीत नाही, वाचत मात्र रोज असतो. आज लिहावंसं वाटलं, कारण हे इथल्या मित्रांत बोलता येत नाही आणि घरच्यांना सांगून त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही.

आधी हे सांगतो की मी सुखी माणूस आहे. दवाखान्याचं कर्ज फिटलंय. लेक नववीत आहे, हुशार आहे, गाते. आई-वडील हिंडते-फिरते आहेत. आणि मला माझं काम मनापासून आवडतं. मोतीबिंदू पिकलेल्या माणसाला स्वतःच्या हाताची बोटं मोजता येत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की तोच माणूस समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. इतकी वर्षं झाली, तरी तो क्षण मला शिळा वाटलेला नाही. आयुष्याकडून आणखी काही मागावं असं गेल्या काही वर्षांत मनातही आलं नव्हतं.

२२ एप्रिलला पहलगामला दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. त्या रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून रडलो. दुसऱ्या दिवशी अटारीची तपासणी चौकी बंद झाली, सिंधू जलकरार स्थगित झाला. सीमेवर झेंडे उतरवायचा सोहळा असतो, त्या संध्याकाळच्या रिट्रीटला आता फाटक उघडत नाहीत आणि हात मिळवत नाहीत. अफगाणिस्तानचा सुका मेवा अटारीवरून यायचा, तो थांबला आणि तिथल्या हमालांची रोजी गेली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सीमेलगतच्या गावांतल्या गुरुद्वारांच्या भोंग्यांवरून पुकारलं गेलं, तारेपलीकडचा गहू दोन दिवसांत काढून घ्या. आज रात्री नऊ ते साडेनऊ फिरोजपूर छावणीत दिवे बंद ठेवायची तालीम झाली. अमृतसरहून लाहोर जेमतेम ५० किलोमीटर आहे. तुमच्यासाठी ही बातमी असते. माझ्या पेशंटांचा तो गावाकडचा रस्ता आहे.

परवा अटारीकडच्या एका गावातल्या एक वयस्कर बेबे आल्या होत्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये केलंय, डावा गव्हाच्या कापणीनंतर करायचा ठरला होता. इकडे सगळेच तसं ठरवतात, कापणी आधी, डोळा नंतर. तपासून झाल्यावर मला म्हणाल्या, "पुत्तर, बत्ती बंद होई ते दवाई किवें पावांगी?" ऑपरेशननंतर दिवसातून सहा वेळा थेंब टाकावे लागतात, पुढे हळूहळू कमी करतात. दिवे नसतील तर अंधारात थेंब डोळ्यात पडणार कसा, एवढाच त्यांचा प्रश्न. युद्ध होणार का, हे त्यांनी विचारलंच नाही. ७१ ला गाव सोडलेलं, २००१ च्या हिवाळ्यात शेतात सुरुंग पेरले तेव्हा सोडलेलं, २०१६ ला पुन्हा सोडलेलं. त्यांच्या लेखी ते ठरलेलंच आहे.

मग आम्ही तालीम केली. त्यांना टेबलावर उताणं निजवलं, डोळे मिटायला लावले आणि साध्या ओलाव्याच्या थेंबांची बाटली हातात दिली. डाव्या हाताच्या तर्जनीनं खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटली धरलेला हात कपाळावर टेकवायचा म्हणजे तो हलत नाही, टोक पापणीला लागू द्यायचं नाही, गार लागलं की थेंब आत पडला असं समजायचं. पहिले दोन गालावर गेले. नंतर जमलं. त्यांना इतका आनंद झाला की उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या गेल्यावर मी पुढचा पेशंट बोलावलाच नाही. तसाच बसून राहिलो.

आता जे कुणाशी बोललो नाही ते. आमचा मित्रांचा एक गट आहे, डॉक्टर, वकील, एक-दोन व्यापारी. शनिवारी कुणाच्या तरी घरी जेवण असतं. सध्या विषय एकच, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की या वेळी सोडायचं नाही. मीही मान हलवतो, आणि ती मान खोटी नसते. ज्यांनी बायकांसमोर नवऱ्यांना गोळ्या घातल्या त्यांना शिक्षा झाली पाहिजे असं मला आतून वाटतं. पण त्याच वेळी, अगदी त्याच घासाला, मला वाटत असतं की माझ्या गल्लीला, माझ्या ऑपरेशन थिएटरला, माझ्या लेकीच्या शाळेला काही होऊ नये. प्रत्युत्तर हवं आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी द्यावी. ती किंमत कोण देणार हे मला माहीत आहे, ती बेबे देणार. माझं सुख मला एकदम चोरून आणलेलं वाटायला लागलंय. असं कुणाला होतं का? की हे भरल्या पोटाचं दुखणं आहे?

---

रोखठोक
४ मे, रात्री ११:५२

डॉक्टर, तुमच्या मनाबद्दल आदर ठेवून लिहितो. मी डोंबिवलीचा. आमच्या गावचे तिघे गेले पहलगामला. २३ तारखेला संध्याकाळी भागशाळा मैदानावर मी होतो. एवढ्या गर्दीत एवढी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. ती माणसंही सुखीच होती. नोकरी करत होती, सुट्टी काढून बायको-मुलांना बर्फ दाखवायला गेली होती. तुमच्या-माझ्यासारख्यांचं सुख चोरीचं नाही, ते घाबरत घाबरत जगावं लागू नये म्हणूनच उत्तर द्यायला हवं. २६/११ नंतर आपण गप्प बसलो. उरीनंतर, पुलवामानंतर उत्तर दिलं. या वेळी ते आधीपेक्षा मोठं असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तुम्ही सीमेजवळ आहात म्हणून तुम्हाला भीती वाटणं साहजिक आहे. पण त्या भीतीवर धोरण ठरवता येत नाही.

---

गिरगावकरीण
५ मे, सकाळी ७:२०

१९७१ च्या डिसेंबरात मी अकरा वर्षांची होते, म्हणून थोडं लिहिते. मुंबईत खिडक्यांना काळे कागद लावले होते, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचा. भोंगा वाजला की चाळीतले सगळे जिन्याखाली. बाहेर विमानविरोधी तोफांचे आवाज, आणि आम्हा पोरांना ते बघायला गॅलरीत जायचं असायचं.

माझे वडील बँकेत होते. त्याच वर्षी बढती झाली होती, मुलुंडला जागा बघून ठेवली होती. घरात आनंदच होता. ते दिवस आठवले की मला वडील रात्री रेडिओला कान लावून बसलेले दिसतात. आम्हा मुलांना 'आपण जिंकतोय' एवढंच सांगायचे. चाळीतला एक मुलगा नौदलात होता. आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाल्याची बातमी आली आणि तो कुठल्या जहाजावर आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो सुखरूप असल्याचं कळायला कितीतरी दिवस गेले. तोपर्यंत वडिलांनी जागेचा विषय घरात काढू दिला नाही. आई एकदा म्हणाली, "अहो, त्या मुलाचा आणि आपल्या मुलुंडच्या जागेचा काय संबंध?" ते काहीच बोलले नाहीत. तुमचं लिखाण वाचून मला आज, चौपन्न वर्षांनी, त्यांच्या मनात काय चाललं असेल ते उमगलं. डॉक्टर, हे भरल्या पोटाचं दुखणं असेलही. पण ज्यांची पोटं भरलेली असून काहीच दुखत नाही, त्यांच्यापेक्षा हे बरं.

---

कोयनाकाठ
५ मे, सकाळी ९:०५

माझे मिस्टर फौजेत आहेत. सासरे होते, आजेसासरेही होते. गाव सातारा जिल्ह्यात. मिस्टर सुट्टीवर आले होते, मध्येच परत बोलावणं आलं. कुठे आहेत ते मला माहीत नाही आणि असतं तरी लिहिलं नसतं.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला वाटतं की 'लढा' आणि 'आमच्या घराला झळ नको' हे दोन्ही एकदम वाटणं म्हणजे स्वार्थ आहे. आमच्या घरात तीन पिढ्या हेच दोन्ही एकदम वाटत आलंय. निरोप देताना आम्ही कुणी 'जाऊ नका' म्हणत नाही आणि पाठ वळली की देवापुढे दुसरंच मागतो. सासूबाई तर मोठ्यानं मागतात. त्यामुळे त्याची लाज तुम्ही धरू नका.

रोखठोक दादा, तुमचा राग मला कळतो, तो खरा आहे. पण भीतीवर धोरण ठरत नाही म्हणता, तर टाळ्यांवरही ठरू नये. गेल्या आठवड्यापासून माझ्या कॉलनीतल्या ग्रुपवर रोज शंभर संदेश येतात की हल्ला करा. घरात एकटी आहेस, गॅसचा सिलेंडर आणून देऊ का, असं विचारणारा एकही नाही.

---

अश्दोदकर
५ मे, दुपारी १:४०

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजी-आजोबा अलिबागजवळचे, मी इस्रायलमध्ये जन्मलो, मराठी घरात शिकलो, चुका माफ करा. मी औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. चांगली नोकरी, चांगलं घर. कालच सकाळी बेन गुरियन विमानतळाच्या आवारात येमेनहून आलेलं क्षेपणास्त्र पडलं. संध्याकाळी माझ्या नातीचा वाढदिवस होता, तो आम्ही केला.

राजकारणावर मी बोलणार नाही, आमच्याकडेच त्यावरून घरं दुभंगली आहेत. एवढंच सांगतो, की युद्ध येणार-येणार म्हणतात ते दिवस, प्रत्यक्ष भोंगा वाजतो त्या दिवसांपेक्षा मनाला जास्त खातात. भोंगा वाजला की काम असतं. १९९१ ला इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा आम्ही एक खोली चिकटपट्टीनं बंद करून मास्क लावून बसायचो. नंतर कायदा आला आणि नव्या घरांत एक खोली पक्क्या काँक्रीटची असते. तुमच्याकडे ती नसणार. तर घराच्या मधली, कमीत कमी खिडक्यांची जागा आजच ठरवा. जिना बहुधा चांगला. रात्री प्रत्येकाच्या पलंगाजवळ चप्पल-बूट ठेवा, काचांवरून अनवाणी चालता येत नाही. विजेरी, पाणी, आई-वडिलांच्या गोळ्या आठवडाभराच्या. आणि मुलीला एक जबाबदारी द्या, उदाहरणार्थ आजीचा हात धरायची. मुलांना काम दिलं की ती कमी घाबरतात.

बेबेंना थेंब शिकवलेत, ते फार चांगलं केलंत.

---

निनाद_नाशिक
५ मे, रात्री ९:३०

आजची बातमी बघितली असेलच, ७ तारखेला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल आहे, २४४ जिल्हे. आपल्याकडे मुंबई, उरण, तारापूर, नाशिक, मनमाड वगैरे यादीत आहेत. सगळ्यांना विनंती, लष्कराची ये-जा, ताफे, ठिकाणं यातलं काही या धाग्यावर लिहू नका. बाकी चर्चा चांगली चालली आहे.

---

पंजाबी_माणदेशी
५ मे, रात्री ११:३५

सगळ्यांचे आभार. गिरगावकरीण ताई, तुमच्या वडिलांबद्दल बायकोला वाचून दाखवलं. कोयनाकाठ ताई, तुमच्या भागात माझा एक वर्गमित्र आहे. चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सिलेंडरचं बघतो.

पण काल मी पूर्ण लिहिलं नव्हतं. मुख्य गोष्ट आज लिहितो.

गेल्या आठवड्यात मी गोल्डन टेंपल मेलची दोन तिकिटं काढली, बायको आणि लेकीची, ८ तारखेची. घरात कुणाला सांगितलं नाही. काढताना हात थरथरत होता म्हणावं तर तेही नाही, वीज बिल भरावं तशी काढली. बोचतंय ते त्यानंतरचं. माझ्याकडे थिएटरला एक सिस्टर आहेत, तरनतारनकडच्या. माझ्या हाताखाली सगळ्यात जुन्या. मी हात पुढे केला की मागायच्या आधी चिमटा हातात असतो. त्यांना दोन मुलं आहेत, नवरा ट्रक चालवतो. आज सकाळी स्क्रब होताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर साब, तुहाडा ते पिंड दूर है, चंगा है." तुमचं गाव लांब आहे, बरं आहे. त्यात टोमणा नव्हता. खरंच बरं वाटून म्हणाल्या. आणि माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये ती तिकिटं होती.

इथं जन्मलो, इथल्या लोकांचे डोळे उघडले, इथल्या भाषेत हसतो-भांडतो. इथल्याच, पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा मी छाती पुढे काढून पाहुण्यांना सांगत होतो, की नामदेव महाराज इथं राहिले, त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, आम्हीही त्याच वाटेनं आलेले. नामदेवांच्या खिशात परतीचं तिकीट नव्हतं. शनिवारच्या जेवणातले माझे मित्र 'सोडायचं नाही' म्हणतात, तेव्हा ते स्वतःच्या घरात बसून म्हणतात, ज्या घराशिवाय त्यांना दुसरं घर नाही. मला जायला गाव आहे. मी त्यांच्यातला आहे की नाही, हे या तिकिटांनी ठरणार का?

वडिलांना विषय काढून बघितला, आई-दादा तुम्ही थोडे दिवस गावी जाता का म्हणून. ते म्हणाले, "चौऱ्याऐंशीला भट्टी थंड करून दारं लावून बसलो हुतो, तवा न्हाई गेलो. आता कुठं जातोय."

---

जम्मू_गलाई
६ मे, सकाळी ६:५०

मीपण गलाईवाला, आटपाडीचा, जम्मूत दुकान आहे. २००१ ला फौज सीमेवर गेली तेव्हा मी बायका-पोरं गावाकडं पाठवली. दुसऱ्या वर्षी सगळं निवळलं, परत आणली. शेजारी कुणी एका शब्दानं बोलले नाहीत. पण आधी ते कुठं लग्नाला वगैरे गेले की घराची चावी आमच्याकडं ठेवायचे. पुढं वर्षभर ठेवली नाही. मी पोरं पाठवली त्याचा मला पस्तावा नाही, लहान होती. पण जाताना शेजारच्या घरात जाऊन तोंडावर सांगायला पाहिजे होतं असं वाटतं. तुम्ही सांगून पाठवा.

---

रोखठोक
६ मे, सकाळी ८:१५

डॉक्टर, लेकीला पाठवा. यात विचार करण्यासारखं काही नाही. मी डोंबिवलीत बसून उत्तर मागतोय आणि तुम्ही तिथं बसून मागताय, यात फरक आहे हे तुमचं वाचून जाणवलं. मागणं सोडणार नाही. पण तो फरक विसरणार नाही.

---

कोयनाकाठ
६ मे, सकाळी ८:४०

पाठवाच. पण ताईंना विचारून. आमच्या बायकांच्या वतीनं ठरवून टाकलेलं आम्हाला फार लागतं, भल्यासाठी असलं तरी. (सिलेंडर आला. तुमचे मित्र स्वतः घेऊन आले. मनापासून आभार.)

---

पंजाबी_माणदेशी
६ मे, संध्याकाळी ७:०५

बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं. बुकिंगचा मेसेज तिच्याही फोनवर येतो, आणि ती मी कधी बोलतोय याची वाट बघत होती. ती जात नाही म्हणाली. कोयनाकाठ ताई, तुमचं वाक्य तिनं दोनदा वाचलं आणि मला बरंच ऐकवलं. तिच्याऐवजी आई जाईल, लेकीला घेऊन. दादा इथंच राहणार. अश्दोदकर काका, जिन्याखालची जागा साफ केली. लेक उद्याच्या ड्रिलला आजोबांचा हात धरणार आहे.

दुपारी सिस्टरना थिएटरच्या बाहेर बोलावून तोंडावर सांगितलं की आई आणि मुलीला गावी पाठवतोय. मला वाटलं होतं त्या गप्प होतील किंवा 'चंगा है' म्हणतील. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, माझी दोघंही जातील का त्यांच्याबरोबर? मोठा बारा वर्षांचा आहे, धाकटी नऊ. मला हे सुचलंच नव्हतं. विट्यात आमचं घर आहे, चुलता-चुलती आहेत, परसात जागा आहे, एवढी वर्षं बंद असलेल्या दोन खोल्या आहेत. मी तिकिटं काढताना फक्त माझ्या माणसांचा हिशोब केला होता.

तर आता परवाच्या गाडीत आणखी दोन बर्थ हवेत. उद्या सकाळी दहाला एसीचं तत्काळ उघडेल तेव्हा बसतो. बायकोच्या तिकिटावर आईचं नाव चढवून मिळेल का?

बेबेंचा फोन आला होता, डावा डोळा गुरुवारी करून टाक म्हणाल्या, नंतरचं कुणी बघितलंय. करतोय.

---

निनाद_नाशिक
६ मे, संध्याकाळी ७:३०

सुनेच्या तिकिटावर सासूचं नाव नियमाप्रमाणे चढत नाही. कन्फर्म तिकीट फक्त आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या नावावर करता येतं, त्यालाही गाडी सुटायच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.   उद्या सकाळी तत्काळला आईंचाही बर्थ काढा.

---

रोखठोक
६ मे, रात्री ८:१०

गाडी बोरिवलीला थांबते, मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊ नका. मी आणि मिसेस बोरिवलीला येतो. काकू आणि तिन्ही मुलं रात्री आमच्याकडे राहतील, दुसऱ्या दिवशी विट्याच्या गाडीत बसवून देतो. मुलं पंजाबी आहेत, जेवायला काय आवडतं ते कळवा. डबा आणि बर्थ क्रमांक इथे टाकू नका, व्यनि करा.